पेव आणि पंगत : माल्टा बेटाची कहाणी

उत्तम अन्नाची पारख करणे आणि ते समानशील स्नेह्यांच्या संगतीत सावकाश सेवन करणे, हे एक व्रतच मानणाऱ्या भोजनरसिकांचे संघ युरोपात पुष्कळ आहेत. त्यांमध्ये ‘शेन दे रोतिस्यूर’ ह्या फ्रेंच संघाचा लौकिक मोठा आहे. ‘मांस भाजणारांची साखळी’ असा ह्या नावाचा सरळ अर्थ होय. जगातील अनेक देशांत ह्या संघाच्या शाखा असून भूमध्य समुद्रातील माल्टा ह्या चिमुकल्या बेटावरही त्याची एक शाखा आहे. संघाच्या मेळाव्याचा थाट पाहण्यासारखा असतो. सभासद गळ्यात रंगीत फिती आणि पदके घालून येतात. नव्या सभासदाच्या खांद्याला तलवारीचे पाते टेकवून त्याला समारंभपूर्वक संघात दाखल करून घेण्यात येते. कोणाला ‘शव्हालिए’ म्हणजे सरदार ही पदवी असते, तर शाखेचा प्रमुख ‘बायी’ म्हणवतो. आपल्याकडे जप्तीचा हुकूम घेऊन दारी येणाऱ्या बेलिफाचे नाव ह्याच घराण्यातील आहे. मध्ययुगात मात्र त्या शब्दाला मोठ्या अधिकाराचे वलय होते.

अन्य एखाद्या शहरी असा मेळावा भरला, तर ती हौशी मंडळींची निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता येईल. माल्टाची गोष्ट निराळी आहे. ह्या बेटावर सरदार आणि बेलिफ ही केवळ मेजवानीपुरती धारण केलेली नावे नव्हती. त्या पदव्यांच्या माणसांनी तेथे २६८ वर्षे राज्य केले. आणि अन्न हा तर तेथे कधीच केवळ जिभेचा विषय नव्हता. जेथे पिकणारे धान्य वर्षभर पुरत नाही, तेथे प्रत्येक पंगतीमागे दोन प्रश्न उभे असतात : पेवात किती धान्य शिल्लक आहे, आणि पंगतीत कोणाला बसवावयाचे आहे? माल्टाचा बराचसा इतिहास ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांनी घडलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भोजनरसिकांचा हा संघ आपले मूळ इ. स. १२४८ पर्यंत नेतो. फ्रान्सचा राजा नववा लुई ह्याच्या कारकिर्दीत पॅरिस शहरात हंसाचे मांस भाजून विकणाऱ्यांचा एक धंदेवाईक संघ होता. लुईचा नगराधिकारी एतिएन ब्वालो ह्याने १२६८ च्या सुमारास पॅरिसमधील धंद्यांचे नियम एका ग्रंथात नोंदवून घेतले, त्यांत ह्या व्यावसायिकांचेही नियम आहेत. मांस चांगले असावे, ते नीट भाजलेले असावे, अशा अपेक्षित नियमांबरोबरच तेथे एक अनपेक्षित नियमही आढळतो. जो दंड वसूल होईल त्याचा तिसरा हिस्सा धंद्यातील वृद्ध आणि विपन्नावस्थेत पडलेल्या माणसांच्या पोषणासाठी राखून ठेवावा, असा तो नियम होय. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात असे सर्व धंदेवाईक संघ मोडले गेले. १९५० साली पॅरिसमध्ये ‘क्यूर्नोन्स्की’ ह्या टोपणनावाने विख्यात असलेले भोजनविषयक लेखक आणि त्यांचे काही स्नेही ह्यांनी ह्या संघाचे पुनरुज्जीवन केले, ते मात्र भोजनरसिकांचे मंडळ म्हणून.

ज्या १२४८ सालाचा हा संघ अभिमान बाळगतो, त्याच साली राजा लुई धर्मयुद्धासाठी जहाजात बसला आणि सायप्रस बेटावर जाऊन उतरला. तेथे त्याच्या अधिकाऱ्यांनी सैन्यासाठी आधीपासूनच धान्याचा साठा करून ठेवला होता. राजाचा सहकारी ज्वांव्हील ह्याने त्या साठ्याचे मोठे बहारीचे वर्णन केले आहे. गव्हाच्या आणि जवाच्या राशी उघड्या शेतात टेकड्यांसारख्या उभ्या होत्या. पावसाने वरच्या थराला कोंब फुटून त्या हिरव्यागार दिसत. वरचा हिरवा थर दूर केला की खाली नुकत्याच मळलेल्या धान्यासारखा ताजा दाणा निघे. राजाच्या पाकशाळेत काय शिजत होते हे इतिहासाने फारसे लक्षात ठेवले नाही. धान्याच्या राशी मात्र लक्षात ठेवल्या.

ह्या धर्मयुद्धांतूनच सेंट जॉनचा संप्रदाय प्रबळ झाला होता. जेरुसलेममध्ये येणाऱ्या यात्रेकरूंची आणि रुग्णांची शुश्रूषा करणे, हे त्या संप्रदायाचे मूळ व्रत. पुढे शुश्रूषेच्या जोडीला तलवार आली आणि संन्यासी सरदारांचे ते एक लष्कर बनले. १२९१ साली पूर्वेतील शेवटचा आश्रय हातचा गेल्यावर हे सरदार प्रथम सायप्रसमध्ये आले, तेथून त्यांनी ऱ्होड्स बेट जिंकले, आणि १५२२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान ह्याने ऱ्होड्स घेतल्यावर ते निराश्रित झाले. तेव्हा सम्राट पाचवा चार्ल्स ह्याने त्यांना माल्टा देऊ केले.

सरदारांनी हे दान डोळे मिटून स्वीकारले नाही. १५२४ साली त्यांनी बेटाची पाहणी करण्यासाठी एक मंडळ पाठविले. त्या मंडळाचा अहवाल निराशाजनक होता. बेट म्हणजे मऊ दगडाचा एक खडक. त्यावर जेमतेम दोन-तीन हात माती. नदी नाही, रान नाही. वस्ती सुमारे १२,००० माणसांची. गहू पुरेसा पिकत नाही. कापूस, मध आणि जिरे पिकते, आणि ते बाहेर देऊन लोक धान्य आणतात. लाकूड इतके दुर्मिळ की ते वजनावर विकले जाते, आणि स्वयंपाकासाठी लोक उन्हात वाळविलेले शेण आणि रानातील काटेरी झुडपे जाळतात. युरोपातील उमरावांच्या मुलांना ही अवस्था दारिद्र्याची परिसीमा वाटली. ज्यांच्या घरी गोवऱ्यांवर भाकरी भाजली जात आलेली आहे, त्यांना तिचे तितके नवल वाटणार नाही. माल्टाच्या शेजारी कोमिनो नावाचे एक बेटुकले आहे. त्याचे नाव जिऱ्यावरूनच पडलेले आहे, असे मानतात.

तथापि ह्या गरीब बेटाची आतिथ्याची कीर्ती जुनी होती. ख्रिस्ती धर्मग्रंथात संत पॉलच्या जलप्रवासाची जी हकिकत आली आहे, ती परंपरेने माल्टाशी जोडली जाते. इ. स. ६० च्या सुमारास अलेक्झांड्रियाहून रोमकडे धान्य घेऊन निघालेले एक जहाज वादळात सापडले. जहाजावर २७६ माणसे होती. जहाज हलके करण्यासाठी खलाशांनी गहू समुद्रात लोटून दिला, आणि अखेर ते बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटले. भिजलेल्या, गारठलेल्या त्या परक्या माणसांसाठी बेटावरील लोकांनी शेकोटी पेटविली. तेथील प्रमुख पुब्लियुस ह्याने त्यांना तीन दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. आलेल्यांमध्ये पॉलसारखे कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. पंगतीत बसविताना कोण कुठला ह्याची चौकशी झाल्याचे ग्रंथात म्हटलेले नाही.

त्यानंतर बेटावर अनेक सत्ता आल्या. ८७० ते १०९१ ह्या काळातील अरब राजवटीने माल्टाला त्याची भाषा दिली. ही भाषा आजही मुळात अरबी वळणाची असून ती रोमन लिपीत लिहिली जाते. भाकरीला माल्टी माणूस ‘होब्झ’ म्हणतो, तो अरबीतील ‘खुब्झ’ होय. बेट कट्टर कॅथलिक असले तरी ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाला तेथे ‘रांदान’ म्हणतात, आणि तो शब्द रमजानपासून आलेला आहे. राज्ये बदलली, धर्म बदलला, तरी अन्नाचे आणि उपासाचे शब्द लोकांनी सोडले नाहीत.

१५३० साली सरदारांनी नाइलाजाने माल्टा स्वीकारले. मोबदला म्हणून त्यांनी दरवर्षी सिसिलीच्या राजप्रतिनिधीला एक ससाणा नजर करावयाचा होता. ह्या ससाण्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्या व्यवहारातील खरी महत्त्वाची बाब निराळी होती. सिसिली हे भूमध्य समुद्रातील गव्हाचे कोठार, आणि तेथील गहू सवलतीने माल्टास नेण्याची मुभा, हा सरदारांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. ससाणा वर्षातून एकदा जाई, गव्हाची जहाजे वर्षभर येत. सिसिली प्रसन्न असेल तर माल्टा जेवे, आणि सिसिली रुष्ट झाली की माल्टाच्या चुली थंड पडत.

१५६५ च्या मे महिन्यात सुलेमानाचे आरमार माल्टावर चालून आले. तुर्कांचे सैन्य तीस ते चाळीस हजारांच्या घरात होते. बेटावर सरदार होते सुमारे ५००. शिपाई आणि शस्त्र धरणारे रहिवासी मिळून बचावाचे बळ फार तर सहा ते नऊ हजारांचे. वृद्ध प्रमुख जाँ द ला व्हालेत ह्याने शत्रू येण्यापूर्वीच शेतातील उभी पिके कापून किल्ल्यांच्या आत आणविली आणि पाण्याची टाकी भरून घेतली. सेंट एल्मोचा किल्ला २३ जून रोजी पडला, पण बाकीचे ठाणे टिकले, आणि ८ सप्टेंबर रोजी वेढा उठला. तटांचा पराक्रम सर्वश्रुत आहे. त्या तटांच्या आत भाकरी आणि पाणी पुरले, हेही त्या विजयाचे एक कारण होते. पुढल्याच वर्षी व्हॅलेटा ह्या नव्या राजधानीचा पाया घातला गेला, तेव्हा प्रत्येक घराने पावसाचे पाणी साठविण्यासाठी स्वतःचे टाके खोदलेच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला.

व्हॅलेटात सरदारांच्या वसतिगृहांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. सरदार आपापल्या भाषेप्रमाणे निरनिराळ्या गटांत विभागलेले असत. प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, आरागॉन, जर्मनी, कास्तील असे हे गट, आणि प्रत्येकाचे वसतिगृह वेगळे. कास्तीलच्या गटातच पोर्तुगालचे सरदारही मोडत. व्हिल्हेना आणि पिंतो ही अठराव्या शतकातील दोन प्रमुखांची नावे गोव्यातील वाचकांना घरची वाटतील. वसतिगृहाचा मुख्य हा गटातील ज्येष्ठ सरदार असे, आणि त्याचे पहिले कर्तव्य म्हणजे आपल्या गटाच्या पंगतीची व्यवस्था. पुष्कळदा तिजोरीतून मिळणाऱ्या रकमेत भागत नसे आणि त्याला पदरमोड करावी लागे. मानाचे पद आणि वाढप्याचे काम ही एकाच माणसाकडे असत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु माल्टामधील सर्वांत मानाची पंगत ह्या वसतिगृहांत बसत नसे. ती बसे रुग्णालयात. १५७४ साली बांधावयास घेतलेल्या ह्या रुग्णालयाचे मोठे दालन पुढे वाढवीत नेऊन सुमारे १५५ मीटर लांबीचे करण्यात आले. त्या काळी युरोपात एवढे लांब दालन क्वचितच असेल. संप्रदायाच्या जुन्या परिभाषेत रुग्णांना ‘आमचे स्वामी’ म्हणत. स्वामींना शोभेल असे त्यांचे ताट असावे म्हणून रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांतून अन्न दिले जाई. ह्यात स्वच्छतेची दृष्टीही होती. निरनिराळ्या गटांतील सरदार पाळीपाळीने स्वतः वाढावयास उभे राहत. कोंबडीचे सूप, मांस, मद्य, जे रुग्णाला मानवेल ते वैद्याच्या सांगण्यावरून मिळे. एरवी ज्यांच्या तलवारीला समुद्र भीत असे, ते राजपुत्रांच्या बरोबरीचे पुरुष एखाद्या खलाशाच्या खाटेपाशी ताट घेऊन उभे राहत. साधारण त्याच युगात गोव्याच्या राजेशाही रुग्णालयात उपचार घेतलेल्या पिरार द लावाल ह्या फ्रेंच प्रवाशानेही तेथील व्यवस्थेची आणि भोजनाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. रुग्णाचे ताट हे राज्याच्या प्रतिष्ठेचे माप आहे, ही कल्पना त्या काळात सर्वस्वी अपरिचित नव्हती.

ताट चांदीचे असले तरी त्यात वाढावयाचे धान्य समुद्रापलीकडून यावयाचे. म्हणून सरदारांनी पेवे खोदली. १६५७ ते १६६० ह्या काळात प्रमुखपदी असलेल्या मार्तिन द रेदीनच्या वेळेपासून ह्या कामाला मोठी चालना मिळाली. पेव हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावयास नको. माल्टाची पेवे मात्र मातीत नव्हे, अखंड खडकात खोदलेली आहेत. वर अरुंद तोंड, खाली घंटेप्रमाणे रुंदावत जाणारा पोकळ भाग, आणि तोंडावर घट्ट बसविलेली वर्तुळाकार शिळा. आत हवा आणि ओल जाऊ दिली नाही, तर धान्य वर्षानुवर्षे टिके. व्हॅलेटाच्या वेशीबाहेर फ्लोरियाना येथे अशी ७६ पेवे एकाच मैदानात आहेत. त्यांतील काही इंग्रजांनी पुढे त्याच धर्तीवर खोदली. योगायोग असा की, ह्या मैदानासमोरील देवालय त्याच पुब्लियुसच्या नावाचे आहे, ज्याने वादळातून वाचलेल्या परक्यांना आपल्या घरी जेवू घातले होते.

पेवे भरली, तुर्कांचे भय ओसरले, आणि पंगतीचे रूप पालटू लागले. सिसिलीतील एटना पर्वतावरील बर्फ जहाजाने माल्टास येई. त्यातला काही भाग रुग्णालयाकडे जाई, पण सरबते गार करण्यासाठीही त्याचा उपयोग होऊ लागला. कॉफी बेटावर लवकर आली. ती आणणारे उमराव नव्हते. लढायांत पकडलेले मुसलमान गुलाम कॉफी करून चार पैसे मिळवीत, असे १६६३ सालच्या एका प्रवासवर्णनात नमूद आहे. हे गुलाम गलबते वल्हवीत, तटाचे दगड वाहत, राजवाड्यातील पाकशाळेत राबत. पंगत त्यांच्या श्रमावर उठे, पण पंगतीत त्यांना पान नव्हते. १७४९ साली ह्या विषमतेने भयंकर रूप घेतले. २९ जूनच्या सणानिमित्त राजवाड्यात होणाऱ्या मेजवानीची संधी साधून अन्नात विष कालवावे आणि प्रमुख पिंतो ह्यास ठार करून बेट ताब्यात घ्यावे, असा गुलामांनी कट रचला. व्हॅलेटातील एका कॉफीच्या दुकानात झालेल्या बोलाचालीतून तो फुटला, आणि अनेकांना हाल करून मारण्यात आले.

गुलामांनंतर पाळी आली ती बेटावरील रयतेची. पिंतोच्या उधळपट्टीने तिजोरी रिकामी झाली होती. १७७३ साली आलेला नवा प्रमुख शिमेनेस ह्याने धान्याचे भाव वाढविले आणि सशांच्या शिकारीवर बंदी घातली. खडकाळ बेटावरील शेतकऱ्याला ससा हे जवळजवळ फुकट मिळणारे एकमेव मांस होते. भाकरी महाग झाली, ससा निषिद्ध ठरला, आणि १७७५ च्या सप्टेंबरमध्ये काही धर्मोपदेशकांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो मोडून काढण्यात आला. आज माल्टाचे राष्ट्रीय पक्वान्न म्हणून सशाच्या रश्श्याचा गौरव होतो आणि गावोगावी लोक एकत्र जमून त्याचे जेवण करतात, त्या आवडीच्या मुळाशी ह्या जुन्या मनाईची आठवणही आहे, असे मानले जाते.

सर्वांत करुण अधोगती झाली ती रुग्णालयाची. १७८६ साली इंग्लंडमधील तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड माल्टास गेला. चांदीची ताटे अजून होती. परंतु दालने घाणेरडी आणि दुर्गंधीने भरलेली, सेवक गलिच्छ आणि निर्दय. प्रमुखाच्या तबेल्यातील घोड्यांची व्यवस्था रुग्णांपेक्षा चांगली आहे, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. ‘आमचे स्वामी’ हे शब्द उरले होते, त्यांतील अर्थ गेला होता. बारा वर्षांनी, जून १७९८ मध्ये, ईजिप्तकडे निघालेला बोनापार्ट वाटेत माल्टापाशी थांबला, तेव्हा ज्या संप्रदायाने सुलेमानाला चार महिने थोपविले होते, तो काही दिवसांत शरण गेला. रुग्णालयातील चांदीची ताटेही विजेत्यांच्या हाती पडून वितळविली गेली. बेटाच्या लोकांनी त्या राज्यासाठी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही.

परंतु देवालयांची लूट सुरू होताच तेच लोक फ्रेंचांवर उलटले. फ्रेंच शिबंदी व्हॅलेटाच्या तटाआड कोंडली गेली, आणि दोन वर्षे वेढा चालला. ह्या वेळी पेवांच्या किल्ल्या परक्यांकडे होत्या आणि धनी बाहेर उपाशी होते. धान्य पुरावे म्हणून फ्रेंच सेनापती व्होब्वा ह्याने शहरातील रहिवाशांना मोठ्या संख्येने बाहेर काढले. अखेर सप्टेंबर १८०० मध्ये पेवे रिती झाली आणि फ्रेंच शरण आले. त्यांच्या जागी इंग्रज आले, ते १६४ वर्षे राहिले.

इंग्रजांच्या काळात, विशेषतः १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर, माल्टा हा विलायत-मुंबई मार्गावरील कोळसा भरण्याचा मोठा थांबा बनला. १८७८ साली रशियाला धाक घालण्यासाठी इंग्रज सरकारने सुमारे ७,००० हिंदी सैन्य मुंबईहून जहाजांनी माल्टास नेले, तेव्हा मुंबई इलाख्यातील पलटणींचे शिपाईही ह्या बेटावर तंबू ठोकून राहिले होते. बंदरात कामधंदा वाढला. पण पेवांचा प्रश्न तोच राहिला, फक्त सिसिलीच्या जागी साम्राज्याची जहाजे आली. पहिले महायुद्ध संपले, गोदीतील काम घटले, आणि भाकरीचा भाव मात्र चढत गेला. ७ जून १९१९ रोजी व्हॅलेटात संतप्त जमाव रस्त्यावर आला. सैन्याने गोळीबार केला. ह्या दंगलीत एकंदर चौघांचा बळी गेला. गोळ्या जेथे झाडल्या गेल्या त्यांतील एका रस्त्याचे नाव ‘स्त्रादा फोर्नी’, म्हणजे भाकरी भाजण्याच्या भट्ट्यांचा रस्ता. त्याच्या आठच आठवडे आधी त्याच साम्राज्याच्या बंदुका अमृतसरच्या जालियनवाला बागेत चालल्या होत्या. माल्टामध्ये ७ जून हा आज राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात.

दुसऱ्या महायुद्धात पेवांचा प्रश्न पुन्हा निकराला आला. जून १९४० पासून बेटावर बाँबवर्षाव सुरू झाला. जून १९४२ मध्ये दोन दिशांनी निघालेल्या १७ मालवाहू जहाजांपैकी केवळ दोन माल्टास पोचली. भाकरी माणशी दिवसाला साडेदहा औंस, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम इतकी करण्यात आली. रॉकेल आणि लाकूड दोन्ही दुर्मिळ झाल्याने घरोघर चूल पेटविणे अशक्य झाले. १५२४ च्या अहवालातील सरपणाची टंचाई चारशे वर्षांनी परत आली. तेव्हा सरकारने सार्वजनिक पाकशाळा काढल्या. लोकांनी आपल्या शिध्याचा काही भाग सोडून द्यावयाचा आणि भांडे घेऊन रांगेत उभे राहून शिजलेले अन्न न्यावयाचे. बेटावरील बकऱ्याही कापल्या गेल्या आणि त्यांचे चिवट मांस ह्या पाकशाळांत शिजू लागले. अन्न बेचव म्हणून लोक मनस्वी कुरकुरत. तरी जानेवारी १९४३ पर्यंत सुमारे पावणेदोन लाख लोक, म्हणजे निम्म्याहून अधिक बेट, ह्या एकाच पंगतीचे जेवत होते. गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट पेट्रोल वाचविण्यासाठी सायकलवरून हिंडत. अन्न किती दिवस पुरेल ह्याचा हिशेब करून शरणागतीची तारीखही मनोमन ठरून गेली होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये १४ मालवाहू जहाजांचा ताफा मोठ्या आरमारी संरक्षणात निघाला. त्यांतील नऊ बुडाली. पाचशेहून अधिक माणसे कामास आली. पाच जहाजे पोचली. त्यांतले शेवटचे ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज मोडकळलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंना लढाऊ जहाजांचा आधार देऊन, १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाच्या दिवशी बंदरात आणले गेले. माल्टाचे लोक ह्या ताफ्याला आजही ‘सांता मारिया’चा ताफा म्हणतात. साम्राज्याने ह्या बेटासाठी एवढी किंमत मोजली, ती ते मोलाचे नाविक ठाणे होते म्हणून. पुढल्याच वर्षी त्याच साम्राज्यातील बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दुष्काळात मेली. त्यांच्यासाठी असा कोणताही ताफा समुद्र फोडून आला नाही. पंगतीत कोणाला बसवावयाचे, ह्या प्रश्नाला सत्ता कसे उत्तर देते, हे ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे समजते.

१९६४ साली माल्टा स्वतंत्र झाले, १९७४ मध्ये प्रजासत्ताक बनले, आणि १९७९ मध्ये शेवटचे इंग्रज सैन्य तेथून निघून गेले. गहू आजही बाहेरूनच येतो, पण फ्लोरियानाच्या पेवांवरील शिळा आता सहसा कोणी उचलीत नाही. त्या मैदानात मोठ्या सभा आणि गाण्याचे जलसे भरतात, आणि हजारो तरुण त्या वर्तुळाकार दगडांवर उभे राहतात. कास्तीलच्या वसतिगृहात पंतप्रधानांची कचेरी आहे. जुन्या रुग्णालयाची वास्तू आता परिषदांसाठी वापरली जाते, आणि ज्या लांब दालनात रुग्णांना चांदीच्या ताटांत वाढले जात असे, त्याच दालनात आज मोठमोठ्या मेजवान्या होतात.

भोजनरसिकांनी अशा बेटावर जमावे, ह्यात विसंगत असे काही नाही. उत्तम शिजविणे ही कला आहे आणि तिचा आस्वाद घेणे हा दोष नव्हे. बेटाच्या ताज्या माशांची, मधाची, तेल चोळलेल्या भाकरीची आणि सशाच्या रश्श्याची चव घेतल्याने कोणाचे अहित होत नाही. ह्या संघाने अन्नसाहाय्यासाठी एक धर्मादाय शाखाही काढलेली आहे; दंडाचा तिसरा हिस्सा वृद्धांच्या पोटासाठी राखणाऱ्या पॅरिसच्या त्या भाजणारांना ती आपलीशी वाटली असती. गळ्यातील फीत आणि खांद्यावरील तलवार ह्यांनी मिळणारी सरदारकी एका संध्याकाळची असते. माल्टाच्या सरदारांची सरदारकी जोवर ते रुग्णाच्या खाटेपाशी ताट घेऊन उभे राहत होते तोवर टिकली. ते स्वतःच पंगतीत ऐसपैस बसले आणि दारातल्या माणसाची भाकरी महाग झाली, तेव्हा तटबंदी जशीच्या तशी उभी असूनही त्यांचे राज्य गेले.